गेममध्ये खरे पैसे टाकून ताकद विकत घेणे: काय मिळतं, काय बिघडतं (माहितीचा धागा)

मंडळी, ऑनलाइन गेममध्ये टॉप-अप (खरे पैसे देऊन गेममधलं चलन भरणं) शाळकरी मुलंही करतात आणि चाळिशीतले नोकरदारही. पण त्या पैशाचं गेमच्या आत नेमकं काय होतं, हे आकड्यांत मांडलेलं मराठीत फारसं दिसत नाही. ज्याला जो गेम आतून माहीत आहे त्याने त्याबद्दल लिहावं. कोणी किती उडवले याच्या कहाण्या नकोत. हिशोब, पायऱ्या आणि कुठे फसगत होते तेवढं लिहा.

वाचताना एक भेद लक्षात ठेवला तर बरं. काही खरेदी दिसण्याची असते: कपडे, रंग, नाच. काही वेळेची असते: चार दिवसांचं काम आज पुरं. आणि काही सरळ ताकदीची असते: जास्त नुकसान करणारी बंदूक, वरच्या लेव्हलचं पत्तं. भांडण तिसऱ्या प्रकारावरून होतं, पण खिसा बहुतेक वेळा दुसऱ्यात रिकामा होतो.

* * *

क्लॅश ऑफ क्लॅन्सपासून (आपलं गाव बांधायचं, दुसऱ्याचं लुटायचं) सुरुवात करू. २०१२ पासून चालू आहे आणि ‘वेळ विकत घेणं’ इथे अगदी स्वच्छ दिसतं.

जेम्सचा (पैशानेही मिळणारं गेममधलं चलन) पहिला आणि जवळजवळ एकमेव शहाणा खर्च म्हणजे बिल्डर, म्हणजे बांधकाम करणारा गडी. दुसरा बिल्डर २५० जेम्सला, तिसरा ५००, चौथा १,०००, पाचवा २,००० अशी गेली अनेक वर्षांची रांग आहे. एकूण ३,७५०. हे जेम्स झाडं-दगड काढून, जेम बॉक्समधून (प्रत्येकी २५) आणि अचीव्हमेंटमधून फुकट साठतात. फक्त मध्येच बाकी कशावर उडवायचे नाहीत.

आता वेळेचा भाव, म्हणजे चालू काम लगेच संपवायला लागणारे जेम्स. १ मिनिट १ जेम, १ तास २०, १ दिवस २६०, १ आठवडा १,०००. मधले आकडे याच प्रमाणात सरकतात. म्हणजे सात दिवसांचं एक काम संपवायला १,००० लागतात, पण एकेक दिवसाची सात कामं संपवायला १,८२०. आठवड्याच्या सौद्यात तास सहा जेम्सच्या आसपास पडतो, शेवटचा सुटा तास २० ला पडतो. नेमकी इथेच चूक होते: काम संपत आलं की हात शिवशिवतो आणि शेवटचे दोन-तीन तास जेम्स देऊन कापले जातात. तोच सगळ्यात महाग भाग आहे. जेम्स देऊन सोनं किंवा एलिक्सिर (बांधकामाला लागणारा माल) भरणं तर त्याहून वाईट, कारण तेवढं दोन-चार हल्ल्यांत लुटता येतं.

गोल्ड पास (महिन्याच्या सीझनचा विकतचा पास) घ्यायचाच असेल तर आधी बघा, त्यातून काय हवंय? बांधकामाची सवलत हवी असेल तर सीझनच्या पहिल्या दिवशी घ्या. फक्त बक्षिसं हवी असतील तर महिनाभर फुकट खेळून गुण पुरे करा आणि शेवटच्या दोन दिवसांत घ्या. मागची सगळी बक्षिसं तेव्हाही उचलता येतात. महिन्याच्या मध्यावर घेतलेला पास दोन्हीकडून अर्धवट राहतो.

पैसे टाकून जे बिघडतं त्याला क्लॅनमध्ये (खेळाडूंच्या गटात) ‘रश’ म्हणतात. टाउन हॉल (गावाची मुख्य इमारत) भराभर वर नेला, पण हिरो, लॅबोरेटरी आणि भिंती मागेच राहिल्या. मग बरोबरीच्या टाउन हॉलचा बेस (समोरच्याचं गाव) तुटत नाही आणि खालचा तोडला तर लूट कापून मिळते. अशा खात्याला वॉरमध्ये (दोन क्लॅनच्या लढाईत) घेतलं तर समोर तगडा बेस येतो आणि दोन्ही हल्ले वाया जातात. क्लॅनचे लीडर रश खातं घ्यायला नाखूश असतात ते याचसाठी.

* * *

त्याच कंपनीच्या क्लॅश रोयाल या पत्त्यांच्या गेममध्ये (एक पत्तं म्हणजे एक सैनिक किंवा मंत्र) वेळ नाही, ताकदच विकत मिळते. प्रत्येक लेव्हलला पत्त्याची ताकद साधारण १० टक्के वाढते, आणि ती चक्रवाढ असते. तीन लेव्हल वर म्हणजे ३३ टक्के जास्त. एवढ्या फरकात, बरोबरीच्या लेव्हलला ज्या मंत्राने सैनिक मरतो त्यातून तो थोड्याशा रक्तावर वाचतो आणि सगळी चाल उलटते. खेळाडूला वाटतं आपला हात चुकला. खरं तर गणित आधीच ठरलेलं असतं.

उपाय एकच: एकच आठ पत्त्यांचा डेक धरा आणि सगळं सोनं त्यातच घाला. इथे पत्त्यांपेक्षा सोनं आधी संपतं. ज्या चॅलेंजमध्ये सगळ्यांची पत्ती एकाच लेव्हलवर आणलेली असतात, तिथे आपला खरा हात कळतो.

* * *

फ्री फायर आणि बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) या बंदुकांच्या लढाईच्या गेमना एका मापाने मोजू नका. बीजीएमआयमध्ये यूसी (तिथलं विकतचं चलन) टाकून जे मिळतं ते बहुतांश दिसण्याचं. फ्री फायरमध्ये मात्र बंदुकीच्या स्किनला (वरच्या सजावटीला) गुण चिकटलेले असतात: डॅमेज वाढतो, रेट ऑफ फायर वाढतो, त्या बदल्यात रीलोड किंवा रेंज घटते. स्किन घेण्याआधी ती उणी बाजू वाचाच. जवळून लढणाऱ्याने रेंज घटणारी घेतली तर चालतं, मॅगझिन घटणारी घेतली तर अडकतो. कस्टम रूममध्ये (आपण बनवलेल्या खासगी मॅचमध्ये) गन प्रॉपर्टी, म्हणजे हे गुण, बंद करता येते. सरावाची मॅच बरोबरीची हवी असेल तर आधी ते बटण बघा.

फ्री फायरच्या फेडेड व्हीलबद्दल (डायमंड, म्हणजे तिथलं विकतचं चलन, देऊन फिरवायचं नशिबाचं चक्र) थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलं सगळ्यात जास्त इथे अडकतात. दहा वस्तूंतल्या नको त्या दोन काढायच्या, मग आठ फिरक्या, आलेली वस्तू पुन्हा येत नाही. नेहमी दिसणारी किमतीची रांग: ९, १९, ३९, ६९, ९९, १४९, १९९, ४९९ डायमंड. बेरीज १,०८२. पहिल्या चार फिरक्या मिळून फक्त १३६, म्हणून स्वस्त वाटतं. शेवटची एकटी फिरकी जवळजवळ निम्म्या पैशाची. मुख्य वस्तूची शक्यता सगळ्यात कमी ठेवलेली असल्यामुळे ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन फिरक्यांतच निघते. म्हणून हिशोब एकच: ती वस्तू १,०८२ डायमंडला परवडते का? नसेल तर ९ ची फिरकीसुद्धा नको.

आणखी एक धोका भारतात प्रत्यक्ष घडून गेलेला आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१ च्या जुलैमध्ये आलेला बीजीएमआय २८ जुलै २०२२ ला स्टोअरवरून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाला, मॅक्स आवृत्ती चालू राहिली. खात्यातल्या वस्तू आपल्या मालकीच्या नसतात, वापरायची परवानगी तेवढी असते. वापरल्याविना पडलेले यूसी-डायमंड साठवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

* * *

गेन्शिन इम्पॅक्ट हा मुख्यतः एकट्याने खेळायचा गेम (हवं तर चौघांपर्यंत मिळूनही), त्यामुळे समोरच्याला हरवण्याचा प्रश्न नाही. पण सोडतीचं गणित शिकायला याच्याइतका चांगला नमुना नाही.

पाच तारे (सगळ्यात दुर्मिळ) पात्राची शक्यता प्रत्येक ओढीला, म्हणजे सोडतीच्या एका फेरीला, ०.६ टक्के. ९० व्या ओढीला हमखास. खेळाडूंनी काढलेल्या नोंदींनुसार ७४ च्या आसपास शक्यता झपाट्याने वाढायला लागते. त्याआधीच्या ७३ ओढी मूळ शक्यतेवर धरल्या तर शंभरातल्या ६४ जणांना काहीच मिळत नाही. म्हणजे ‘अजून दहा ओढतो, येईल’ हा विचार पन्नाशीत निरर्थक असतो. मिळालेलं पात्र हवं तेच असेल याचीही पहिल्यांदा खात्री नाही. ते हुकलं तर पुढचं पाच तारे नक्की हवं ते. म्हणून सगळ्यात वाईट हिशोब १८० ओढींचा: प्रत्येकी १६० प्रिमोजेम (ओढीला लागणारं चलन), एकूण २८,८००. तेवढे हातात असतील तरच ‘मिळेलच’ म्हणा.

मोजलेल्या ओढी त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरला (ठरावीक मुदतीच्या सोडतीला) चालू राहतात, त्यामुळे ६० वर थांबणं वाया जात नाही. आणि एका पात्राची पूर्ण ताकद हवी तर सात प्रती लागतात. तिथे वाईटात वाईट आकडा १,२६० ओढींवर जातो.

पैसे टाकायचेच तर महिन्याचं वेल्किन (मासिक पास) सगळ्यात स्वस्त: घेताच ३०० क्रिस्टल (एकाला एक प्रिमोजेम होतात) आणि रोज ९० प्रिमोजेम, ३० दिवसांत सगळे मिळून ३,०००, म्हणजे जवळजवळ १९ ओढी. अट एकच, रोज लॉग-इन. चुकलेल्या दिवसाचे ९० परत मिळत नाहीत.

* * *

वरच्या हिशोबाला जोडून: ‘१ टक्का शक्यता’ लिहिलेली पेटी (आत काय निघेल ते नशिबावर) शंभर वेळा उघडली तरी ३७ टक्के वेळा रिकामे हात राहतात. हमखासची अट नसलेल्या पेटीला वरची मर्यादाच नसते. हे छापलेले आकडे आपोआप आलेले नाहीत. चीनने २०१७ च्या मे महिन्यापासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ॲपलने आपल्या स्टोअरला तोच नियम लावला. पेटीजवळचं छोटं ‘i’ चिन्ह दाबून ते पान वाचा.

* * *

ईए एफसी (पूर्वीचा फिफा) या फुटबॉल गेममधली अल्टिमेट टीम, म्हणजे खेळाडू जमवून संघ बांधणं. पॅकपेक्षा (आत कोण निघेल ते नशिबावर) गेममधल्या बाजारातून खेळाडू घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त, पण बाजाराचा ५ टक्के कर विसरू नका. १०,००० कॉइनला घेतलेला खेळाडू १०,५०० ला विकला तर हातात ९,९७५ येतात, म्हणजे तोटाच. १०,००० च्या वर बोली २५० च्या टप्प्याने चढते, म्हणून किमान १०,७५० ला विकला पाहिजे.

भाव कधी पडतात? नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेला, जानेवारीत टीम ऑफ द इयरला, उन्हाळ्यात टीम ऑफ द सीझनला. लोक पॅक फोडतात, बाजारात माल येतो, भाव कोसळतो. सप्टेंबरात महाग घेतलेला संघ जानेवारीत सामान्य होतो आणि पुढच्या सप्टेंबरात नव्या आवृत्तीत तो येतच नाही. मुलांना एवढं एक वाक्य पटवता आलं तरी पुष्कळ. बेल्जियममध्ये या पॅकना जुगार ठरवल्यावर ३१ जानेवारी २०१९ पासून तिथे पॅक घ्यायच्या पॉइंट्सची विक्री थांबली.

* * *

एट बॉल पूल या बिलियर्ड्ससारख्या गेममध्ये काठीला चार गुण असतात: जोर, नेम, फिरकी, वेळ. ‘नेम’ वाढला की दिशारेषा लांब दिसते, आणि नवख्याला खरा फायदा तिथेच. लेजंडरी काठी पेटीतून चार तुकडे जमल्यावर मिळते. एकेका काठीचे दोन-दोन तुकडे पडून राहिले तर काहीच हाती नाही. साधी काठी पुन्हा चार्ज करायला कॉइन लागतात, तो खर्च टेबलाच्या फीमध्ये धरा. सगळी कॉइन एका मोठ्या टेबलावर लावल्यामुळेच बहुतेक टॉप-अप होतात.

* * *

राज्य उभारून युद्ध करायच्या गेममध्ये (राइज ऑफ किंगडम्स वगैरे) पैशाला तळच नसतो. पहिलं पॅक स्वस्त आणि खरंच भरघोस असतं, ते घेतलं की पुढचं महागडं उघडतं. तिथेच थांबा. ‘पॉवर’चा मोठा आकडा इमारतींनीही फुगतो, लढाईत तो कामाचा नाही. हॉस्पिटलची क्षमता वाढवा. जखमी सैनिक तिथे मावले तर बरे होतात, न मावलेले कायमचे मरतात, आणि हजारोंच्या सैन्याची ही राख एका रात्रीत होते. झोपण्याआधी शील्ड (ठरावीक वेळ हल्ल्यापासून संरक्षण) लावा. शील्ड असताना स्वतः हल्ला केला तर ती उतरते हे अनेकांना उशिरा कळतं. स्पीडअप (कामाचा वेळ कापणाऱ्या वस्तू) सुटे वापरू नका, ते वापरल्याबद्दल बक्षीस देणारा इव्हेंट येईपर्यंत साठवा.

* * *

‘निम्म्या किमतीत यूसी’ विकणाऱ्यांबद्दल. अधिकृत टॉप-अपला प्लेयर आयडीचा आकडा पुरतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की समजा, खातंच जाणार. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: डायमंड खरोखर येतात, पण ते चोरीच्या कार्डाने घेतलेले असतात. काही दिवसांनी बँक पैसे परत घेते, मग तुमच्या खात्यात उणे शिल्लक दिसते किंवा खातं बॅन होतं. विकत घेतलेल्या आयडीचंही तसंच. मूळ मालक जुन्या ईमेलवरून ते परत मिळवतो. पैसे गेले असतील तर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

आणि २० रुपये एंट्री, मारलेल्या प्रत्येक गड्यामागे ५ रुपये असल्या व्हॉट्सॲप रूम म्हणजे पैजच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने जिंकण्याच्या आशेने पैसे लावायचे खेळ बंद केले आहेत. टॉप-अप त्यात येत नाही, या रूम येतात.

* * *

पालकांसाठी, क्रमाने. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीची पडताळणी ‘प्रत्येक वेळी’ वर ठेवा. तीस मिनिटांचा पर्याय नको, तेवढ्यात दहा खरेद्या होतात. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स, तिथे इन-ॲप पर्चेस बंद, आणि त्याला फोनच्या लॉकपेक्षा वेगळा पासकोड. मुलाच्या हातातल्या फोनवर यूपीआय लाइट ठेवू नका, लहान रकमांना ते पिन मागत नाही. महिन्याचा पास सबस्क्रिप्शन म्हणून घेतला गेलाय का तेही बघा. एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय जातात. २४ तास आधी येणारा मेसेज वाचला नाही तर कळतही नाही.

खरेदी होऊन गेलीच तर आधी बँकेकडे धावू नका. बँकेतून पैसे उलटवले की गेमचं खातं बॅन होण्याची शक्यता मोठी. गूगलकडे ४८ तासांच्या आत परताव्याचा अर्ज करा, त्यानंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं. ॲपलचं त्यासाठी वेगळं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पान आहे. अर्जात खरेदी अल्पवयीन मुलाने केली असं स्पष्ट लिहा. प्रत्येक खरेदीचा वेगळा अर्ज करा आणि गूगलच्या पावतीवरचा ‘जीपीए’ने सुरू होणारा ऑर्डर नंबर त्यात टाका. तोवर ते डायमंड किंवा जेम्स मुलाला खर्च करू देऊ नका, वापरलेल्या मालाचा परतावा नाकारला जाण्याची भीती जास्त असते.