लिंक किती वेळ चालते तेपण लिहा
एआय एजंटला (आपल्या वतीनं कामं करणारा एआय प्रोग्रॅम) जी टूल, म्हणजे वापरायची फंक्शन्स, देतो त्यातल्या फाइल-लिंकच्या टूलच्या वर्णनात ‘फाइलची डाउनलोड लिंक देतं’ ही एक ओळ पुरते असं काहीजण म्हणतात, मला नाही पटत. एजंट तुमचा कोड बघत नाही, त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर, त्यावरच तो ठरवतो. आम्ही सांगलीत हळदीच्या सौद्याच्या पावत्यांसाठी असंच टूल केलेलं, एजंटनं सकाळी घेतलेली लिंक दुपारी अडत्यांना तशीच दिली, लिंक १५ मिनिटांची, उघडली की ४०३ (परवानगी नाही) ही एरर, अडते बिचारे फोनवर फोन करत बसले. चूक आमचीच, मुदत कुठं लिहिलीच नव्हती. आता स्पष्ट लिहिलंय की हे टूल फाइल आणत नाही, फक्त लिंक देतं, १५ मिनिटंच चालते, संपली की त्याच फाइल-आयडीनं (सिस्टिमनं फाइलला दिलेला ओळख-कोड) नवीन मागा. अ‍ॅमेझॉन एस३ (फाइली ठेवायची क्लाउड सेवा) च्या साइन केलेल्या, म्हणजे ठरावीक मुदतीची परवानगी आतच असलेल्या लिंकची मुदत ७ दिवसांपर्यंत ठेवता येते, पण म्हणून तेवढी ठेवू नका हो, लिंक ज्याच्या हातात त्याला फाइल मिळते, लॉगिन कोण विचारत नाही. आणि फाइल-आयडी कुठल्या टूलमधून घ्यायचा तेपण लिहाच, आमच्याकडं एजंट ‘पावती_मार्च.पीडीएफ’ हे नावच आयडी म्हणून पाठवत होता.