मदत हवी आहे: वाळवंटातला केसाळ विंचू, कुळ नेमकं कोणतं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही लास वेगासच्या अगदी कडेला राहतो. मागच्या कुंपणापलीकडे मोहावे वाळवंट सुरू होतं. परवा रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो, तर भिंतीच्या बुडाशी हे ध्यान बसलेलं! नांगीसकट जवळजवळ पोस्टकार्डाच्या लांबीचा विंचू. पाठ काळी, पाय, चिमटे आणि शेपटी पिवळी, शेपटीवर राठ केस. अतिनील टॉर्च मारला तर सगळाच्या सगळा हिरवट-निळा चमकला. काचेचं भांडं उपडं घातलं, खालून पुठ्ठा सरकवला, फोटो काढले आणि कुंपणापलीकडे सोडून दिला.

आता खरी अडचण. लेक सातवीत आहे, तिला शाळेसाठी एका स्थानिक प्राण्याचा वर्गीकरणाचा तक्ता करायचाय आणि तिने हाच धरलाय. नाव हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस असावं इथवर आलो. गण वगैरे ठीक, पण कुळाशी गाडी अडली. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात इयुरिडी, एका संकेतस्थळावर कॅराबॉक्टोनिडी, दुसऱ्यावर हॅड्रुरिडी. एकाच विंचवाला तीन कुळं कशी? सोमवारी तक्ता द्यायचाय.

ता.क. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. "चप्पल कुठंय?" एवढंच म्हणाल्या.

प्रतिसाद १
सोडून दिलात?? घरात मूल आहे ना? आमच्या कोकणात लाल विंचू चावला की माणूस दगावायचा. महाडच्या डॉ. बावस्करांनी प्राझोसिन हे औषध द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे चित्र बदललं. उगाच भूतदया नको.

प्रतिसाद २
वरच्यांची काळजी रास्त आहे, पण विंचू चुकला. कोकणातला लाल विंचू (हॉटेंटॉटा टॅम्युलस) ब्युथिडी कुळातला. वेगास-फिनिक्सकडे ज्याला खरोखर घाबरायचं तो बार्क विंचूही त्याच ब्युथिडीतला. तो लहानसा, गव्हाळ रंगाचा, चिमटे नि शेपटी काडीसारखी बारीक, आणि भिंतीवर सहज चढतो. त्याच्या विषावरचा उतारा अमेरिकेत 2011 मध्ये मंजूर झाला. धागालेखकांचा केसाळ विंचू उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा, 14 सेंटिमीटरपर्यंत जातो. डंख झोंबतो, पण विष त्या मानाने सौम्य. ॲलर्जी असेल तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

आता कुळाचं. तिन्ही ठिकाणी चूक नाही, तिन्ही वेगवेगळ्या काळातली आहेत. कुळाला नाव मिळतं त्यातल्या एका मुख्य वंशावरून. इयुरिडी हे नाव इयुरस वंशावरून, आणि तो राहतो ग्रीस-तुर्कस्तानात! अमेरिकेतल्या या केसाळ मंडळींना 1981 च्या सुमारास तिकडच्या कुळात टाकलं होतं. पुढे 2003 मध्ये त्यांना कॅराबॉक्टोनिडीत हलवलं. त्या कुळाचा नावधारी कॅराबॉक्टोनस चिली-पेरूमधला. अलीकडे जनुकांची तुलना झाल्यावर तेही नातं तितकं जवळचं वाटेना, म्हणून हॅड्रुरसला स्वतःचं घर मिळालं: हॅड्रुरिडी. हे नाव कोरं नाही. विंचवांचे अभ्यासक स्टॅन्की यांनी 1974 मध्येच या गटाला उपकुळ म्हणून नाव दिलं होतं, त्यालाच बढती मिळाली. विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात ते असं!

तक्त्यात हॅड्रुरिडी लिहा. जागा असेल तर खाली जुनी दोन नावंही लिहा, बाईंना ग्रंथालयातलं पुस्तक आठवलं तर लेकीचे गुण जायला नकोत.

धागालेखक
वा, आता उलगडा झाला. आणखी दोन शंका. एक, जीनसला मराठीत वंश म्हणायचं की प्रजाती? तक्ता दोन भाषांत करायचा तिचा हट्ट आहे. दोन, जातीच्या नावापुढे "एविंग, 1928" असं कंसाशिवाय दिसतं, पण त्याच वंशातल्या हिर्सुटसपुढे "वुड, 1863" कंसात. छपाईची चूक का?

प्रतिसाद ३
जीनस म्हणजे वंश, स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात आणि वनस्पतीवाले जीनसला, त्यामुळे तो शब्द टाळलेलाच बरा.

कंस ही चूक नाही. वुड यांनी 1863 मध्ये हिर्सुटसला दुसऱ्या वंशात ठेवलं होतं, कारण हॅड्रुरस हा वंशच थोरेल यांनी 1876 मध्ये केला. वंश बदलला की मूळ नाव देणाऱ्याभोवती कंस येतो. ॲरिझोनेन्सिस पहिल्यापासून हॅड्रुरसच, म्हणून कंस नाही.

पण आधी जात तरी तीच आहे का ते बघा! नेवाडात हॅड्रुरस स्पॅडिक्सही सापडतो, तोही काळ्या पाठीचा. फोटोत डोक्याकडची ढाल मोठी करून पाहा. डोळ्यांच्या पुढे, कडेला लागून पिवळी चंद्रकोर असेल तर ॲरिझोनेन्सिस. काळा रंग थेट पुढच्या कडेपर्यंत आला असेल तर स्पॅडिक्स. नुसत्या रंगाच्या गडद-फिकेपणावर मात्र जाऊ नका. फिकट विंचवांना 1970 मध्ये पॅलिडस नावाची वेगळी उपजात केलं होतं, ती पुढे मोडीत निघाली.

बाकी हे फक्त तिकडेच होतं असं नाही. आपल्याकडची काळी इंगळी इतकी वर्षं हेटेरोमेट्रस होती. 2020 मध्ये तो वंश फोडला, आणि दख्खनच्या इंगळ्या आता डेक्कनोमेट्रस.

धागालेखक
आत्ताच लेकीने फोटो मोठा करून पाहिला. चंद्रकोर आहे! टिकलीसारखी, पण उपडी, असं तिचं म्हणणं. तक्त्यावर "कुळ: हॅड्रुरिडी" पेनने लिहून झालंय, आणि इयुरिडी-कॅराबॉक्टोनिडी खाली पेन्सिलने. पेनने का नाही विचारलं तर म्हणाली, "बाबा, हॅड्रुरिडीच पेन्सिलने लिहायला हवं होतं."