कोथिंबिरीतलं आर्सेनिक: आकडा किलोचा, खाणं चिमटीचं

ताई, वाळवलेल्या पानांत किलोमागे 1 मिलिग्रॅम आर्सेनिक सापडल्याचं वाचून मुलांच्या ताटातली कोथिंबीर बंद केलीत, असं तुम्ही लिहिलंय. काळजी समजते. पण हिशेब करून बघा: त्या पानांची 1 ग्रॅम पूड खाल्ली तर पोटात 1 मायक्रोग्रॅम जातं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेत बसणारं 2 लिटर पाणीही 20 मायक्रोग्रॅमपर्यंत देऊ शकतं. शिवाय पानं वाळली की पाणी उडतं आणि किलोमागचा आकडा फुगतो. ताज्या जुडीला तो लावूच नका. अहवालात 'एकूण' आर्सेनिक लिहिलंय की 'असेंद्रिय' (कार्बनशी न जोडलेलं), हेही बघा. कर्करोगाशी जोडलेलं आहे ते असेंद्रिय.

मला जास्त काळजी भाताची वाटते. साचलेल्या पाण्यातलं हे पीक आर्सेनिक जास्त ओढतं, आणि पांढऱ्या रश्श्याबरोबर आपल्याकडे भात काही चिमूटभर जात नाही. भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून टाकली की त्यातलं बरंच कमी होतं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी मी मुळं कापून पातेल्यात बुडवते. पहिल्या पाण्याच्या तळाशी काळी माती बसते, बोटाला कचकच लागते. तिसऱ्या पाण्याला तळ स्वच्छ दिसतो. मातीबरोबर आलेलं आर्सेनिक असं निघतं, पानात मुरलेलं निघत नाही.

तुमच्याकडे पिण्याचं पाणी बोअरचं आहे का? असेल तर आधी त्यातलं आर्सेनिक प्रयोगशाळेत तपासून घ्या.