मदत हवी आहे: इंटेलच्या पीसीवर ‘एएमडी६४’ चालेल का?

राम राम मंडळी. रावेरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कोअर टू ड्युओचा जुना पीसी, २ जीबी रॅम, आजवर ३२ बिट विंडोज ७ वर रडतखडत चालला. आता डेबियन (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) टाकावं म्हणतोय, पण डाउनलोडच्या फाइलींच्या नावांनीच डोकं फिरलं. आय३८६, एएमडी६४, आर्म६४... माझा प्रोसेसर तर इंटेलचा! हार्डवेअरवाला म्हणतो, एएमडी ही इंटेलच्या स्पर्धेतली दुसरी चिप कंपनी, तिचं तुम्हाला चालायचं नाही.

मी वाचलं ते असं: इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ चिपपासून एक्स८६ हे प्रोसेसरचं घराणं सुरू झालं, १९८५ च्या ३८६ ने त्याला ३२ बिट केलं (आय३८६ हे नाव त्यावरूनच). ६४ बिटची भर मात्र आधी एएमडीने घातली, २००३ मध्ये चिप बाजारात आणली. इंटेलने मागाहून तीच उचलली. म्हणून नाव एएमडीचं. एक्स६४ आणि एक्स८६_६४ ही त्याचीच दुसरी नावं. आपल्याकडे एकच माणूस दाखल्यावर वेगळा, सातबाऱ्यावर वेगळा आणि गावात नुसता ‘बापू’, तशातली गत. आर्म६४ म्हणजे मोबाइलवाल्या चिपांचं खानदान, त्याचा इथे संबंध नाही. बरोबर ना?

घोळ पुढेच आहे. ३२ बिटच्या जुन्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, तर ‘युनेम’ (चालू सिस्टिमची माहिती देणारी कमांड) ने आय६८६ म्हणजे ३२ बिट दाखवलं आणि ‘एलएससीपीयू’ (प्रोसेसरची माहिती देणारी कमांड) मध्ये ३२ बिट, ६४ बिट दोन्ही आलं. खरं कुणाचं मानू? आणि २ जीबीत ६४ बिट झेपेल का, की रॅम वाढवू?

केळी विम्याचे फॉर्म सुरू व्हायच्या आत मशीन उभं करायचंय, भाऊ.