रजिस्टर पोस्ट बंद झालं, त्याची जागा स्पीड पोस्टाने भरली का?

जुनी पावती

1 सप्टेंबर 2025 पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा बंद करून स्पीड पोस्टात मिसळली. पाठोपाठ 1 ऑक्टोबरला स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. टपाल आता लवकर पोचेल, असं खातं म्हणतं. पण रजिस्टर करणाऱ्याला घाई कधीच नसायची. पाकीट नेमक्या माणसाच्या हातात पडलं पाहिजे, एवढंच त्याला हवं असायचं.

रजिस्टर पाकीट ज्याच्या नावाचं त्यालाच मिळायचं, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाला. स्पीड पोस्टाचा बटवडा पत्त्यावर होतो. घरातलं कुणीही, सोसायटीत वॉचमन, ऑफिसात आवक-जावकला बसलेला कारकून, सही कुणाचीही चालते. नावाने बटवडा हवा असेल तर आता 5 रुपये जादा देऊन ‘रजिस्ट्रेशन’ मागून घ्यावं लागतं. खिडकीवर नुसतं "स्पीड करा" म्हटलं की साधं स्पीड होतं. पावतीवर रजिस्ट्रेशनची आकारणी नाही, हे घरी गेल्यावर लक्षात येतं, आणि तोवर पाकीट थैलीत गेलेलं असतं.

शिवाय दर. 20 ग्रॅमचं पत्र परगावी रजिस्टर करायला 17 रुपये नोंदणी आणि 5 रुपये टपाल, 18 टक्के जीएसटी धरून 25.96 रुपये लागायचे. आता 50 ग्रॅमपर्यंत 47, वर रजिस्ट्रेशनचे 5, जीएसटीसह 61.36. दुपटीहून जास्त, आणि पोचपावतीचा खर्च यात नाही. भाडेकरूला नोटीस, पतसंस्थेला अर्ज, पेन्शनचं स्मरणपत्र, सामान्य माणसाची रजिस्टर पत्रं ही अशीच एक-दोन कागदांची असतात.

वजनकाटा

हिशेब बरोबर आहे, पण एकाच वजनाचा आहे. पुढची वजनं मांडा, चित्र उलटतं.

जुन्या रजिस्टरला दर 20 ग्रॅमला 5 रुपये चढत जायचे. 100 ग्रॅमला 25 अधिक 17, म्हणजे 42. 250 ग्रॅमला तेरा टप्पे, 65 अधिक 17, म्हणजे 82. 500 ग्रॅमला 142. नव्या दरात 51 ते 250 ग्रॅमसाठी 200 किलोमीटरपर्यंत 59 रुपये आहेत, रजिस्ट्रेशनसह 64. 251 ते 500 ग्रॅमला 70, रजिस्ट्रेशनसह 75. सगळ्यांवर जीएसटी तितकाच, म्हणून तो सोडून देऊ. 200 किलोमीटरच्या आत 180 ग्रॅमच्या वर गेलात की नवी पद्धत स्वस्त पडते. अर्ध्या किलोच्या कागदांना खर्च जवळजवळ निम्मा. अगदी 2000 किलोमीटरच्या पलीकडेही 250 ग्रॅमला 77 अधिक 5, म्हणजे 82. जुन्या रजिस्टरइतकेच.

शहरातल्या शहरात तर तक्रारीला जागाच नाही. 50 ग्रॅमपर्यंत 19 अधिक 5, जीएसटीसह 28.32. जुन्या 25.96 च्या जवळपास. 250 ग्रॅमपर्यंत 24 अधिक 5.

घरी साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर पाकीट आधी तोलून घ्या. ए-फोर आकाराचा 75 जीएसएमचा एक कागद 4.7 ग्रॅमच्या आसपास भरतो. आठ कागद आणि पाकीट 50 च्या आत बसतात. दहावा कागद घातला की 51 वाला टप्पा लागायची शक्यता, आणि 47 चे थेट 59 होतात, लांबचं असेल तर 77. पाठपोट छापलं तर हा प्रश्नच येत नाही.

जुनी पावती

@वजनकाटा, जड पाकिटांचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पण जड पाकिटं पाठवणारे कोण? वकील, बँका, कंपन्या. हलकी पाकिटं पाठवणारे कोण? ज्यांना 61 रुपये जाणवतात ते. म्हणजे सवलत मिळाली ती ज्यांना परवडतं त्यांना.

दावा-दप्तर

पैशांपेक्षा कायद्याचा गोंधळ मोठा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाढवून सांगितला जातो. "रजिस्टर गेलं, आता नोटिशीला किंमत नाही" हे चूक. "स्पीड म्हणजेच रजिस्टर, काही फरक नाही" हेही चूक.

सामान्य खंड अधिनियम 1897 (जनरल क्लॉजेस ॲक्ट) च्या कलम 27 मध्ये, नीट पत्ता घालून, पूर्ण टपाल भरून ‘नोंदणीकृत डाकेने’ पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरलं जातं. शब्द ‘नोंदणीकृत’ असाच आहे, म्हणून 5 रुपयांचं रजिस्ट्रेशन गाळू नका. समन्सच्या बाबतीत मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 9 मध्ये 2002 च्या दुरुस्तीपासून पोचपावतीसह रजिस्टर आणि स्पीड पोस्ट दोन्ही आहेत. चेक न वटल्याच्या खटल्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 144 तर स्पीड पोस्टाचंच नाव घेतं. त्याच कायद्याच्या कलम 138 खालची नोटीस फक्त ‘लेखी’ हवी. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची आणि मिळाल्यापासून 15 दिवस पैसे भरायला सोडायचे. इथे पाठवल्याची तारीख सिद्ध करणं महत्त्वाचं.

आता कामाचं. नोटिशीला ओटीपी बटवडा चुकूनही घेऊ नका. त्याचेही 5 रुपये, म्हणून लोक "दोन्ही करा" म्हणतात. ओटीपी घेणाऱ्याच्या मोबाईलवर जातो, तो सांगितल्याशिवाय पाकीट सुटत नाही. ज्याला नोटीस टाळायची आहे तो ओटीपी कशाला सांगेल? पासपोर्ट, दागिने, मूळ प्रमाणपत्रं यांना ओटीपी ठीक. नोटिशीला रजिस्ट्रेशन आणि पोचपावती, एवढंच.

परत आलेलं पाकीट फोडू नका. ‘घेण्यास नकार’ हा शेरा, पोस्टमनची सही, तारीख, शिक्के, सगळं तसंच्या तसं कोर्टात उघडायचं असतं. सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये टपालाने पाठवलेल्या नोटिशीच्या गृहीतकावर सविस्तर लिहिलं आहे. बरोबर पत्त्यावर पाठवलं हे दाखवलं की न पोचल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. ट्रॅकिंगची नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही, त्यामुळे बटवडा झाल्याच्या आठवड्यातच तिची प्रत काढा. ती पुराव्यात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि थर्मल कागदावरच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स. दोन उन्हाळ्यांत ती कोरी होते.

कुरियरच बरं

एवढं सगळं लक्षात ठेवायचं, रजिस्ट्रेशन मागायचं, ओटीपी नाकारायचा, झेरॉक्स काढायची. त्यापेक्षा कुरियर. पुण्याहून मुंबईला संध्याकाळी दिलेलं सकाळी मिळतं. फोन केला की डिलिव्हरीवाल्याचा नंबरही मिळतो.

दावा-दप्तर

पुणे-मुंबई नक्कीच. पण कुरियरने पाठवलेल्या नोटिशीला कलम 27 चं गृहीतक मिळत नाही. समन्ससाठीसुद्धा न्यायालयाने मान्यता दिलेलंच कुरियर लागतं. वाढदिवसाची भेट आणि नोटीस एका तराजूत घालू नका.

शाखा डाकघर

कुरियरवाले भाऊ, पुण्याहून धडगावच्या पाड्यावर पाठवून बघा. तालुक्याच्या गावापर्यंत येतं, पुढे "येऊन घेऊन जा" असा फोन. देशातली दीड लाखाहून जास्त डाकघरं, त्यातली साधारण नव्वद टक्के खेड्यांत. हे जाळं दुसऱ्या कुणाकडे नाही.

पण खेड्यात ‘स्पीड’चा वेग कुठे अडतो ते सांगायला हवं, कारण रजिस्टर मिसळून तो अडसर गेलेला नाही. शाखा डाकघर दिवसाचे जेमतेम चार-पाच तास चालतं. त्याची थैली, ते ज्याला जोडलेलं असतं त्या उपडाकघरातून दिवसातून एकदाच येते आणि एकदाच जाते. उपडाकघरात सकाळची डाक फोडायची, गावनिहाय लावायची, शाखांच्या थैल्या बांधायच्या आणि गाडी सुटायच्या आत द्यायच्या. मोठ्या केंद्रातून येणारी गाडी अर्धा तास उशिरा आली तर त्या गावाचं पाकीट दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसरा दिवस रविवार असेल तर तिसऱ्यावर. पाठवतानाही तेच. थैली गेल्यावर दुपारी बुक केलेलं पाकीट रात्रभर तिथेच असतं. म्हणून खेड्यातून पाठवताना थैली बांधायची वेळ आधी विचारा. घाई असेल तर थेट उपडाकघरात किंवा रेल्वे मेलच्या (टपाल छाटणाऱ्या कार्यालयाच्या) खिडकीवर द्या. एका दिवसाचा फरक हमखास पडतो.

‘दार बंद’ शेऱ्याबद्दलही लोक चिडतात, आणि खोटा शेरा असेल तर चिडणं रास्तच. पण तो का पडतो? नोंदीचं प्रत्येक पाकीट संध्याकाळी हिशेबात दाखवावं लागतं: दिलं, नाकारलं, दार बंद, पत्ता सापडला नाही. बीट (एका पोस्टमनने फिरायचा भाग) रिकामी असली की एका पोस्टमनवर दोन बीट येतात. जे फिरून होत नाही त्यावर कुठला ना कुठला शेरा मारावाच लागतो. यात स्पीड आणि रजिस्टर एकत्र झाल्यावर हातातली नोंदीची पाकिटं वाढली, माणसं तेवढीच. शेरा खोटा वाटला तर त्याच दिवशी बटवडा करणाऱ्या डाकघराच्या पोस्टमास्तरांना नंबर, तारीख, वेळ देऊन लेखी कळवा. पाकीट सूचना दिल्यावर साधारण 7 दिवस तिथे थांबतं, तोवर जाऊन घेता येतं. आठवडा गेल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग फक्त नोंदीपुरता.

वजनकाटा

@शाखा डाकघर, पिनकोडचाही भाग आहे यात. पिनची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला आली, आखणी आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची. पहिले तीन आकडे सॉर्टिंग जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन बटवड्याच्या डाकघरापर्यंत. 416 मध्ये कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग तिन्ही येतात, 415 मध्ये सातारा आणि रत्नागिरी, म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजू. कणकवली 416602. कुणी आठवणीने 416416 लिहिलं की पाकीट सांगलीला. पत्त्यात ‘कणकवली’ ठळक असलं तरी आधी पिन वाचला जातो. तिथून परत वळवायला घाट पुन्हा उतरायचा. गावाचं नाव माहीत असलं तरी पिन खात्याच्या संकेतस्थळावर पाहूनच घाला.

आणि "ट्रॅकिंग काहीच दाखवत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी नंबर तपासावा. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. नववा आकडा ताळ्याचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणा, बेरजेला 11 ने भागा, बाकी 11 मधून वजा करा. समजा आकडे 12345678. बेरीज 204, बाकी 6, उत्तर 5. म्हणजे बरोबर नंबर 123456785. (उत्तर 10 आलं तर 0, 11 आलं तर 5 धरायचे.) ताळा जमला नाही तर कुणीतरी आकडा चुकवला आहे, पाकीट हरवलेलं नाही.

अंकवर्गणी

रजिस्टरच्या चर्चेत छापील पुस्तकांचं कुणी बोलत नाही. छोट्या प्रकाशकांचा आधार असलेलं नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर 2024 मध्येच बंद झालं. 1 मे 2025 पासून त्याजागी ‘ज्ञान पोस्ट’ आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, ट्रॅकिंगसह. दर चांगला आहे, रस्त्या-रेल्वेने जातं म्हणून वेळ जास्त, तेही चालेल. पण त्यात नियतकालिकं आणि जाहिराती असलेलं छापील साहित्य चालत नाही. म्हणजे दिवाळी अंक बाद. पाऊण किलोचा अंक स्पीडने पाठवायचा तर टपालाचा खर्च अंकाच्या किमतीच्या फार मागे राहत नाही. वृत्तपत्र नोंदणीची सवलत हाच उरलेला मार्ग, आणि त्यात ट्रॅकिंग नाही. दिवाळी गेल्यावर पोचलेल्या अंकाची तक्रार कुठल्या नंबरवर करायची?

वजनकाटा

हा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. गावातल्या दहा-बारा वर्गणीदारांचे अंक एका पार्सलात वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवणं, एवढंच सुचतं.

जुनी पावती

हरवल्यावर काय, तेही इथे नोंदवून ठेवतो. स्पीड पोस्टाला आजवरचा नियम असा: उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत, हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली कमी रक्कम. 55 रुपयांच्या पाकिटाला 110 रुपये. मूळ कागद असेल तर विमा उतरवा, नाहीतर साक्षांकित प्रत पाठवा.

@वजनकाटा, विलीनीकरण रद्द करा असं मी आता म्हणत नाही, तुमचं गणित पटलं. मागणी दोनच. खिडकीवर बुक करताना "नावाने की पत्त्यावर" हे कर्मचाऱ्याने विचारलंच पाहिजे आणि पावतीवर मराठीत ठळक छापलं पाहिजे. आणि 20 ग्रॅमचा परगावचा एक वेगळा टप्पा हवा.

वजनकाटा

पहिली मागणी शंभर टक्के. दुसरीला विरोध. 20 चा टप्पा आणला की पुन्हा दर 20 ग्रॅमला चढणारी जुनी शिडी येईल आणि जड पाकिटं महागतील. त्यापेक्षा 47 च कमी करा.

शाखा डाकघर

दर काहीही ठेवा, आधी रिकाम्या बीट भरा. विचारायला खिडकीवर माणूस हवा आणि पोचवायला रस्त्यावर.