घरी केलेली नाताळची कार्डं: तुमचे अनुभव लिहा

सांजवात, वसई

परवा माळ्यावरून नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचं सामान काढताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत मम्मीने वर्षानुवर्षं साठवलेली नाताळची कार्डं. विकतची गुळगुळीत होती ती पावसाळी दमटाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालाय. घरी केलेली मात्र बरीच शाबूत आहेत. त्यात माझं तिसरीतलं एक निघालं. हिरव्या घोटीव कागदाचं झाड, फांद्यांवर कापूस, आत 'हार्दीक शुभेच्छा', दी दीर्घ. कापूस पिवळा पडलाय, खळ झुरळांनी खाल्लीय.

यंदा मुलीला घेऊन पंधरा कार्डं करायची आहेत. तुम्ही कधी केली असतील तर लिहा ना. कशाची केली, काय बिघडलं, कुणाला दिली? व्हिडिओंचे दुवे नकोत, स्वतः केलेलंच सांगा. ख्रिस्ती असण्याची अट नाही.

रद्दीराजा

अट नाही म्हणून लिहितो. आम्ही गिरगावात, खोताच्या वाडीच्या अगदी जवळ राहायचो. दिवाळीला आमचा फराळ वाडीतल्या एका आंटींकडे जायचा, नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, कलकल आणि केकचं ताट यायचं. रिकामं ताट परत द्यायचं नाही, हा आईचा नियम. एरवी ती चिमूटभर साखर घालायची, पण नाताळात ताटात कार्ड ठेवायचं असं आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं.

कार्डशीट विकत आणणं आमच्या घरात उधळपट्टीत मोडे. कागद म्हणजे लग्नपत्रिका. जाड, एका बाजूने कोऱ्या, काहींना आयती सोनेरी कड. अडचण गणपतीची. तो भाग कापून केरात टाकायला आईचा हात धजेना, म्हणून सगळे गणपती कापून देव्हाऱ्याखालच्या खणात. तो खण पुढे उघडेनासा झाला.

एका वर्षी घाईत पत्रिकेची मागची बाजू तपासायची राहिली. पुढे मेणबत्ती, आत शुभेच्छा, आणि मागे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आंटी ताट घेऊन दारात हजर. कुठला काका, आणि आम्हाला आत्ता सांगताय होय?

अर्धी कात्री

मी कार्यानुभव शिकवायचे, तेव्हा थोडी शिकवणी सहन करा.

ए४ कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात. प्रत्येक दुमडला की १०५ × १४८ मिमीचं कार्ड, आणि ते सी६ पाकिटात (११४ × १६२) आरामात बसतं. आधी पाकीट बघा, मग कार्ड कापा. उलटं केलंत तर पाकिटंही घरीच करायला लागतील. कागद २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम). झेरॉक्सचा ७५चा कागद उभा राहत नाही, मान टाकतो.

जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर चिरतो. पट्टी धरून शाई संपलेल्या रिफिलने आधी रेघ दाबून घ्यायची. तरी चिरला तर तंतूंची दिशा चुकली. कागद उभा-आडवा हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने मुकाट वाकतो तिकडून घडी.

फेविकॉलमध्ये पाणी असतं, पातळ कागदाला त्याने सुरकुत्या पडतात. कागदावर कागद असेल तर ग्लू स्टिक. कापूस, टिकल्या, लोकर यांना फेविकॉल ठीक, तोही काडीच्या टोकावर मावेल एवढाच.

बर्फासाठी कापसापेक्षा शिंतोडे बरे. निळ्या कागदावर झाडाचा कापलेला आकार ठेवायचा, जुन्या टूथब्रशला दाट पांढरा पोस्टर कलर लावून कंगव्यावर घासायचा. आकार उचलला की भोवती हिमवर्षाव आणि मधे निळं झाड. पाणी जास्त झालं की बर्फाऐवजी कबुतरं बसून गेल्यासारखं दिसतं.

उघडल्यावर उभं राहणारं झाडही सोपं आहे. कोरा कागद दुमडून घडीच्या बाजूने कापांच्या जोड्या द्यायच्या. खालची जोडी लांब, वरची तिच्याहून आखूड, तिच्या वरची आणखी आखूड. प्रत्येक जोडीतली पट्टी आत ढकलली की कार्ड उघडताच पायऱ्यापायऱ्यांचं झाड. दुसरं कार्ड मागून चिकटवा, भोकं झाकली जातात. फक्त पट्ट्यांना गोंद लागू देऊ नका.

भाजीवाली

भेंडी आडवी कापा. तारा मिळतो. पोस्टर कलरात बुडवून पहिला ठसा रद्दीवर, दुसरा कार्डावर. झालं.

थेम्सकाठचा

इथे प्राथमिक शाळेत मुलं वर्गातल्या प्रत्येकाला कार्ड देतात. म्हणजे जवळजवळ तीस. लेकाने हट्ट धरला की सगळी घरी करायची. दोन पांढरी शर्टाची बटणं एकावर एक, हिममानव तयार. सातव्या कार्डाला उत्साह संपला, बाराव्याला बटणं. उरलेल्यांवर त्याने बटणांऐवजी पेन्सिलीने गोल काढले आणि शिक्षिकेला सांगितलं की हे वितळलेले आहेत.

बटणांचंच एक आम्ही लीड्सच्या मित्राला पोस्टाने धाडलं. इथे साध्या पत्राची जाडी पाच मिमीपर्यंतच चालते, पुढे ते मोठं पत्र. भुर्दंड बसला मित्राला. तो अजून दर डिसेंबरात हिशेब मागतो.

गंमत म्हणजे ज्याला पहिलं छापील नाताळ कार्ड म्हणतात ते १८४३ साली इथेच लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना ढीगभर पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून चित्रकार हॉर्स्लीकडून चित्र करवून घेतलं. पण रंग भरले होते हातानेच. किंमत एक शिलिंग.

कुरकुऱ्या

चमकी वापरणाऱ्यांनो, २०१९ सालची अजून आमच्या सोफ्यात आहे. एवढंच.

नगरची

आमच्या घरात चित्राला दुय्यम स्थान होतं. बाबा म्हणत, वचन आधी. बायबलमधलं लूक २:१४, तेही पूर्ण. चौकट आखून बोरूने ते वचन लिहीत, उरलेल्या जागेत आम्ही मेंढरं काढायचो. अक्षर मोठं झालं की मेंढरू एकच. त्या जागेसाठी आम्हा बहिणींत भांडणं व्हायची.

मी अकरावीत असताना बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्या डिसेंबरात आईने कागद आणलेच नाहीत. बाबांनीच खुणेने मागितले. डाव्या हातात बोरू धरून त्यांनी दर कार्डावर त्या वचनातला एकच शब्द लिहिला, 'शांती'. वेलांट्या चौकटीबाहेर गेलेल्या. पंचवीस कार्डांना चार दिवस लागले. जागा भरपूर होती, पण त्या वर्षी कुणीच मेंढरं काढली नाहीत.

पिंपळपान

जाळीच्या पिंपळपानावर गोठा रंगवून कार्डावर चिकटवते. पण पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजवावं लागतं, मधे मधे पाणी बदलायचं, मग मऊ ब्रशने हलकेच गर काढायचा. वास येतो, बाल्कनीतच ठेवा. सांजवातताई, यंदा तुम्हाला उशीर झालाय. पुढच्या वर्षी दिवाळीलाच पानं भिजत घाला.

सांजवात, वसई

सगळ्यांचे आभार. पिंपळपान, लिहून ठेवलंय. नगरची, तुमचं मम्मीला वाचून दाखवलं. ती उठून डब्यातली कार्डं पुन्हा लावत बसली.

आज पावशेर भेंडी आणली. बहुतेक पाच कोपऱ्यांच्या, एक सात कोपऱ्यांची निघाली. मी ती बाजूला टाकली तर लेक म्हणाली, हाच पूर्वेचा तारा, तो वेगळाच असणार ना. तेव्हा पंधराही कार्डांवर सात कोपऱ्यांचाच तारा आहे. बाकीची भेंडी रात्री परतली.