बिदागी नसलेली सुपारी घ्यावी का?

सुगम_रंकाळा:
पाच जणांचा सुगम संगीताचा संच आहे. दोन गायक, पेटी, तबला, कीबोर्ड. राजारामपुरीतल्या एका मंडळानं नवरात्रात दोन तास भक्तिगीतांसाठी बोलावलंय. बिदागी म्हणजे मानधन नाही. शाल-श्रीफळ, नाश्ता, आणि "हजारभर लोक असतात, पुढची कामं मिळतील" असं म्हणतात. पेटी आणि तबलावाले सुपारीवर, म्हणजे कार्यक्रमापुरते पैसे ठरवून येणारे आहेत. फुकट करावा का? करायचाच झाला तर काय ठरवून घ्यावं?

तबला_मंगळवारपेठ:
आधी एकच विचारा. मांडववाला, साउंडवाला, जनरेटरवाला पैसे घेतोय का? घेत असला तर मंडळाकडं पैसे आहेत, फक्त कलाकाराच्या नावानं काढलेले नाहीत.

दुसरं, स्वतःची बिदागी सोडायचा हक्क गायकाला आहे, साथीदाराची सोडायचा नाही. नवरात्राच्या रात्री नऊच. त्यातली एक तबलजीनं तुम्हाला दिली की त्या रात्रीचं दुसरं काम गेलं. हिशेब कागदावर मांडा. समजा पेटी 1500, तबला 1500, कीबोर्ड 2000, टेम्पो 1000. गायकांनी एक रुपया घेतला नाही तरी 6000 होतात. हा आकडा मंडळाला सांगा आणि तो निम्मा आगाऊ विसार म्हणून घ्या. त्यालाही नकार आला तर सुपारी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"दोन तास" हे ऐकायला दोन तास. पावसाळी दमट हवेत पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडून तबल्याचा सूर उतरतो, स्टेजवरच्या हॅलोजनखाली तोच चढतो. म्हणून वाद्य स्टेजवर नेऊन वीसेक मिनिटं त्या उष्णतेत ठेवायचं आणि मगच हातोडी लावायची. घाईनं आधी लावलेला सूर दुसऱ्या गाण्यात सुटतो. गायकाची पट्टी बदलणार असेल तर दोन तबले लागतात. सामान चढवणं-उतरवणं धरून साथीदाराचे सहा तास जातात. बिदागी त्या सहा तासांची असते.

साउंड_उद्यमनगर:
पैसे मिळोत न मिळोत, साउंडची यादी आधी पाठवा. गायक 2, पेटी 1, तबला-डग्गा 2, कीबोर्ड 2, निवेदक 1, म्हणजे मिक्सरवर आठ चॅनेल (आवाज आत घ्यायच्या जागा). मंडळानं बहुतेक मिरवणुकीच्या हिशेबानं बेस-टॉप (मोठ्या आवाजाचे स्पीकर) सांगितलेले असतात, मिक्सर लहान, मॉनिटर (कलाकारांकडं तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) नाहीच. मॉनिटर नसला की गायकाला पेटी ऐकू येत नाही, तो आवाज चढवतो आणि सूर सोडतो. लोक म्हणतात गायक कच्चा. प्रसिद्धीसाठी केलेला कार्यक्रम असा उलटा पडतो. किमान दोन मॉनिटर, कीबोर्डला डीआय बॉक्स (कीबोर्ड आणि मिक्सरच्या मधे जोडायची डबी, नाहीतर लांब वायरीवर घरघर येते), साउंड चेकला पाऊण तास, तोही आरतीच्या गर्दीआधी.

वेळेचंही लिहून घ्या. रात्री 10 ला स्पीकर बंद. 12 पर्यंतची सवलत ठरावीक दिवसांनाच असते, तुमच्या तारखेला आहे का ते मंडळाला विचारा. सातचा कार्यक्रम सत्कार आणि भाषणांत पावणेनऊला सुरू होतो, मग दहाला मधूनच थांबवावा लागतो. "उशीर मंडळाकडून झाला तरी ठरलेली रक्कम पूर्ण" हे वाक्य व्हॉट्सॲपवर टाकून समोरून "मान्य" घ्या. तेवढं पुरतं.

भजन_करवीर:
देवळातली भजनसेवा यात धरू नका. तिथं टाळकरीही पैसे घेत नाही, कमानीवर जाहिरात नसते. ती सेवाच आहे आणि ती मनापासून करावी. प्रायोजकाच्या फ्लेक्सखाली गायचं असेल तर तिला सेवा म्हणू नये.

मंडळ_कार्यकर्ता:
मंडळाच्या बाजूनं सांगतो. मांडव, रोषणाई, मूर्ती यांचा खर्च आधी ठरतो, संगीताचा विषय शेवटच्या आठवड्यात निघतो. तेव्हा वर्गणी वाटून झालेली असते. म्हणून महिनाभर आधी अध्यक्षांना नाही, खजिनदारांना भेटा आणि लेखी अंदाजपत्रक द्या. एका संध्याकाळचा खर्च उचलणारा दुकानदार पेठेत मिळतो, पण कमानीवरच्या जागा विकल्या जाण्याआधी त्याला विचारावं लागतं.

खरंच पैसे नसतील तर संच लहान करा. एक गायक, पेटी, तबला, पाऊण तास. त्यातही पेटी-तबल्याचे पैसे आणि रिक्षाभाडं मंडळानं द्यावं. बदल्यात फ्लेक्सवर संचाचं नाव आणि नंबर मागा, आणि फ्लेक्स छापायला जाण्याआधी मजकूर स्वतः वाचा. मिक्सरवरून थेट रेकॉर्डिंग घ्यायला पेनड्राइव्ह न्या, गर्दीतल्या मोबाइलचं रेकॉर्डिंग पुढच्या आयोजकाला ऐकवण्याजोगं नसतं. हजारभर लोक येतात हे खरं, पण ते दर्शनाला येतात आणि पाच मिनिटं उभे राहतात. त्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन मंडळांच्या खजिनदारांना त्या दिवशी बोलावून पुढच्या खुर्च्यांवर बसवायला सांगा. हे काम आम्ही करू शकतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सुगम_रंकाळा:
साथीदारांची रक्कम आणि चॅनेलची यादी आज पाठवतो. मंडळानं विसार दिला पण मॉनिटर नाकारले, तर आम्ही भाड्यानं आणून बिलात लावावेत का?

साउंड_उद्यमनगर:
लावा, पण आधी त्यांच्या साउंडवाल्याशी बोला. त्याच्या मिक्सरला ऑक्झिलरी आउट (मॉनिटरला वेगळा आवाज द्यायची जागा) नसेल तर आणलेले मॉनिटर जोडताच येणार नाहीत.